कमी पडणे आणि गळणे

दोन्ही इंजिने समुद्रावर बंद पडली आणि तरीही विमानातली सगळी माणसे वाचली, अशी हकीकत सांगायला बसलेला माणूस साहजिकच इंजिने बंद पडल्यापासून सुरुवात करतो. २४ ऑगस्ट २००१ च्या पहाटे टोरंटोहून लिस्बनला निघालेले एअर ट्रान्साटचे २३६ क्रमांकाचे विमान अटलांटिक महासागरावर सुमारे एकोणीस मिनिटे इंजिनांविना तरंगत आले आणि आझोर्स बेटांपैकी तेर्सेरा बेटावरच्या लाजेस हवाई तळावर उतरले. आत ३०६ माणसे होती, त्यांपैकी १३ कर्मचारी. जगभर हे विमान ओळखले जाते ते त्या एकोणीस मिनिटांमुळे. मला मात्र त्याआधीच्या दीड तासाचे कुतूहल अधिक आहे. त्या दीड तासात विमान व्यवस्थित उडत होते, प्रवासी झोपले होते, इंजिने चालू होती आणि उजव्या इंजिनाजवळच्या एका फुटक्या नळीतून इंधन अंधारात वाहून जात होते. मोठ्या शिस्तीत आणि चांगल्या हेतूने केलेल्या एका कृतीने त्या गळतीला आणखी इंधन कसे पुरवले गेले, हे समजून घेण्यासाठी मी या प्रकरणाकडे पुन्हा पुन्हा वळलो आहे.

सांगलीच्या माणसाने विमानांविषयी लिहावे याचे कुणाला हसू आले तर त्यात गैर काही नाही. आमच्या कवलापूरला विमानतळाची म्हणून जागा आहे, तिच्यासाठी मागण्या आणि निवेदने आहेत, नाही ते फक्त विमान. माझी उभी नोकरी कृष्णाकाठच्या एका सहकारी पाणीपुरवठा संस्थेत सचिव म्हणून गेली. नदीतून किती उपसले, शिवारात किती पोहोचले आणि कुणाची पाणीपट्टी थकली याच्या वह्या लिहिणे हे माझे काम. विमानाच्या यंत्रांबद्दल मला जे कळते त्यातले बरेचसे माझ्या पुतण्यामुळे. तो मुंबईत विमानांच्या देखभालीच्या कामात आहे आणि सुटीला घरी आला की माझ्या प्रश्नांना कंटाळत नाही. हे प्रकरणही प्रथम त्यानेच मला सांगितले, आणि सांगताना त्याने जो मुद्दा धरला तो वर्तमानपत्री वर्णनांत मला फारसा आढळला नाही.

त्यासाठी आधी विमानातल्या इंधनाची व्यवस्था थोडी समजून घ्यावी लागते. इंधन तिथे लिटरमध्ये न मोजता वजनात मोजतात, कारण थंडी-उष्णतेने त्याचे आकारमान बदलते, वजन बदलत नाही. आणि वैमानिकाला गरज असते ती वजनाच्या हिशेबाचीच. एअरबस ए३३० या जातीच्या विमानात बहुतेक इंधन दोन पंखांत असते आणि थोडे शेपटीच्या आडव्या पंखातल्या टाकीत. शेपटीतले इंधन विमानाचा गुरुत्वमध्य योग्य जागी राखण्यासाठी असते आणि गरजेप्रमाणे ते आपोआप पुढे पाठवले जाते. एरवी डाव्या पंखातले इंधन डाव्या इंजिनाला आणि उजव्यातले उजव्याला जाते. दोहोंच्या मध्ये एक झडप असते, तिला क्रॉसफीड म्हणतात. ती बंद असते तोवर दोन्ही बाजूंचा संसार वेगळा. ती उघडली की एका बाजूचे इंधन दुसऱ्या बाजूच्या इंजिनालाही देता येते. इंजिने अगदी सारखे इंधन जाळत नाहीत, त्यामुळे लांबच्या प्रवासात एक पंख थोडा हलका आणि दुसरा थोडा जड होणे हे नित्याचेच. तेव्हा ती झडप उघडून आणि हलक्या बाजूचे पंप बंद करून दोन्ही बाजू सारख्या करून घ्यायच्या, हा वैमानिकांच्या अंगवळणी पडलेला व्यवहार आहे.

त्या रात्री विमान निघाले तेव्हा त्यात सुमारे ४७ टन इंधन होते, म्हणजे नियमाने आवश्यक होते त्याहून चांगलेच जास्त. कॅप्टन रॉबर्ट पिशे अनुभवी होते. सहवैमानिक डर्क डीयागर वयाने बरेच लहान होते. पुढे तपासात असे दिसले की ग्रीनिच वेळेप्रमाणे पहाटे ४ वाजून ३८ मिनिटांच्या सुमारास गळती सुरू झाली. ती सुरू झाल्याचे विमानातल्या कुणालाही कळले नाही, आणि कळावे असे काही घडलेही नाही. साधारण पंचवीस मिनिटांनी पहिली विचित्र गोष्ट दिसली ती इंधनाच्या आकड्यात नव्हती. उजव्या इंजिनातल्या वंगणतेलाचे तापमान कमी आणि दाब जास्त दिसू लागला, तेलाचे प्रमाणही कमी दिसत होते.

तेलाचा आणि इंधनाच्या गळतीचा संबंध काय, हे मी पुतण्याला विचारले. त्याने कागदावर दोन नळ्या काढून दाखवल्या. इंजिनातले तापलेले तेल थंड करण्यासाठी त्याची उष्णता इंजिनाकडे जाणाऱ्या थंड इंधनाला दिली जाते. पुढे नळी फुटलेली असल्यामुळे त्या उष्णता-विनिमयकातून नेहमीपेक्षा कितीतरी जास्त इंधन धावत होते, म्हणून तेल नको इतके थंड होत होते आणि घट्ट झालेल्या तेलाचा दाब वाढत होता. हे सारे मागाहून सांगायला सरळ आहे. कॉकपिटमध्ये बसलेल्या दोघांना मात्र समोर दिसत होते ते एवढेच, की एकाच इंजिनाचे तीन आकडे एकमेकांशी न पटणारे दाखवत आहेत. त्यांनी रेडिओवरून कंपनीच्या देखभाल केंद्राशी बोलणे सुरू केले. त्यांना हा मोजणाऱ्या यंत्रणेतला बिघाड वाटला, आणि तसे वाटण्यात मला काही मूर्खपणा दिसत नाही. ज्याचे कारण सुचत नाही असा आकडा समोर आला की माणूस प्रथम आकडा दाखवणाऱ्यावरच संशय घेतो.

इकडे इंधनाचा आकडा उतरत होता, परंतु तोही सरळपणे काही सांगत नव्हता. याच सुमारास शेपटीच्या टाकीतले इंधन आपोआप पुढे आले आणि पंखांतल्या टाक्यांत मिसळले. उजवी बाजू रिकामी होत होती त्याच वेळी तिच्यात थोडी भर पडत होती, त्यामुळे दोन बाजूंतला फरक जितक्या लवकर डोळ्यांत भरायला हवा होता तितक्या लवकर भरला नाही. विमानाने आपले नेमून दिलेले काम चोख केले आणि त्या चोख कामानेच दुखणे झाकले गेले. साडेपाच वाजून गेल्यावर दोन पंखांतला फरक तीन टनांवर गेला, तेव्हा पडद्यावर सूचना उमटली. ती सूचना गळतीची नव्हती. दोन बाजूंचे इंधन असमान झाल्याची होती.

आता वैमानिकाचा हात कुठे जाईल? असमतोल दिसला की क्रॉसफीड उघडून समतोल करायचा, हे त्याने शेकडो वेळा ऐकलेले, केलेले. त्या दोघांनी ती कृती पुस्तक न उघडता आठवणीतून केली. पुस्तकातल्या त्या पानावर सावधगिरीची ओळ होती, गळतीचा संशय असेल तर हे करू नका अशा अर्थाची. पण पान उघडलेच गेले नाही तर ओळ कोण वाचणार? डाव्या पंखातले निरोगी इंधन उजव्या इंजिनाकडे वळले, आणि उजव्या इंजिनाच्या वाटेवरच तर नळी फुटलेली होती.

आमच्या संस्थेतला एक प्रसंग मला इथे सांगावासा वाटतो, कारण गळती हाताळणे म्हणजे काय असते ते मी त्या दिवशी जवळून पाहिले. नदीवरच्या जॅकवेलमधून, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीतून, आमच्या दोन पाइपलाइनी निघत, एक पूर्वेच्या शिवाराला आणि एक पश्चिमेच्या. दोन्ही जिथे जवळ येत तिथे एक जोडव्हॉल्व्ह होता. एका उन्हाळ्यात पूर्वेच्या उसाला पाणी कमी पोहोचू लागले. सभासद ऑफिसात येऊन बसले. त्यांचे म्हणणे न्यायाचेच होते: पाणीपट्टी सगळ्यांना सारखी, तर पाणीही सारखे मिळाले पाहिजे. जोडव्हॉल्व्ह उघडा आणि पश्चिमेचे थोडे पाणी पूर्वेला द्या. संचालकांनाही ते पटले. व्हॉल्व्हची चावी मात्र आमच्या पाटकऱ्याकडे असे, आणि त्याने ती दिली नाही. तो वयाने मोठा, सगळे त्याला आण्णा म्हणत. आण्णाने चेअरमनना तोंडावर सांगितले, "सायेब, पाणी कमी हाय का कुठं चाललंय, ते आदी बघू. मोटर जास्त अँपिअर घेतीया आन् गेजचा काटा खाली आलाय."

मोटर जास्त वीज ओढते आणि पाण्याचा दाब मात्र उतरतो, म्हणजे पाणी कुठेतरी मोकळे वाहते आहे, असा त्याचा अर्थ. चेअरमन म्हणाले, मीटर बिघडले असेल. आण्णा म्हणाला, एक बिघडेल, दोन्ही एका टायमाला कसे बिघडतील? त्याने माझी वही मागितली. पूर्वेच्या पंपाचे चाललेले तास आणि पूर्वेच्या शेतांना दिलेल्या पाळ्यांचे तास मी त्याला वाचून दाखवले. पंप नेहमीइतकाच चालला होता, पाळ्या मात्र लांबल्या होत्या आणि तरी वाफे भरत नव्हते. मग तो आणि दोन पोरे पाइपलाइनच्या कडेने चालत निघाली. काळ्या रानात, उभ्या उसाच्या आत एक सांधा निखळला होता आणि पाणी वर न येता खालच्या खालीच ओढ्याकडे जात होते. तो जोडव्हॉल्व्ह त्या दिवशी उघडला असता तर पश्चिमेचे पाणीही त्याच ओढ्याला मिळाले असते. सभासदांचे न्यायाचे म्हणणे आणि संचालकांचा समंजसपणा यांत वाईट काहीच नव्हते. पाणी खरोखर कमी पडत असते तर तोच उपाय योग्य ठरला असता.

पुतण्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "काका, विमानातही तीच वही असते. टाकीत शिल्लक किती आणि इंजिनांनी जाळले किती, या दोन आकड्यांची बेरीज निघतानाच्या आकड्याशी जुळली पाहिजे. जुळली नाही, तर मधले इंधन बाहेर गेले." हा ताळा इतका साधा आहे की हिशेबाच्या कोणत्याही माणसाला तो प्रथम सुचावा असे वाटते. परंतु आण्णाजवळ जे होते ते त्या दोघांजवळ नव्हते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. आण्णाने त्या पाइपलाइनीचे सांधे याआधी निखळलेले पाहिले होते. वैमानिकांना अशा गळतीचा सराव कधी दिलेला नव्हता. सिम्युलेटरमध्ये, म्हणजे सरावाच्या नकली कॉकपिटमध्ये, इंजिन पेटते, बंद पडते, चाके अडकतात, पण नळीतून इंधन वाहून जाण्याचा प्रसंग त्यांच्या वाट्याला आलेला नव्हता. त्या वेळी त्या विमानात गळतीची स्वतंत्र सूचनाही नव्हती. बेरीज वैमानिकानेच करायची आणि ती करावीशी वाटण्यासाठी आधी मनात संशय यायला हवा.

संशय आला नाही असेही नाही. लिस्बनपर्यंत इंधन पुरणार नाही हे पाहून त्यांनी पावणेसहाच्या सुमारास विमान लाजेसकडे वळवले आणि पाठोपाठ इंधनाची आणीबाणी जाहीर केली. आकड्यावर विश्वास बसत नसतानाही आकडा खरा आहे असे धरून वागण्याचा हा निर्णय होता, आणि माझ्या मते त्या रात्रीचा सर्वांत मोलाचा निर्णय हाच. दोघांनी दुरुस्तीचा नाद करत लिस्बनच्या रोखाने आणखी पंधरा-वीस मिनिटे काढली असती तर पुढचे सगळे कौशल्य समुद्रावरच संपले असते. योगायोगही बाजूने होता: वाहतुकीच्या गर्दीमुळे त्या रात्री विमानाला नेहमीपेक्षा दक्षिणेकडचा मार्ग मिळाला होता, म्हणून आझोर्स बेटे आवाक्यात होती.

मग केबिनमधल्या कर्मचाऱ्यांना खिडकीतून पंखाकडे पाहायला सांगण्यात आले. बाहेर काळोख. गळती होत असेल तर पंखामागे पांढरट धार दिसायला हवी. त्यांना काही दिसले नाही. तासाला दहा टनांहून अधिक इंधन बाहेर जात होते, म्हणजे दोन्ही इंजिने मिळून जाळतात त्याच्या दुपटीच्या घरात, आणि काचेला डोळा लावून बसलेल्या माणसाला ते दिसत नव्हते. मधल्या काळात गळती डाव्या बाजूला असावी असाही संशय घेतला गेला. त्याचे कारण उघड आहे. झडप उघडल्यापासून डावी टाकीही भराभर उतरू लागली होती, कारण तिच्यातले इंधन उजवीकडच्या फुटलेल्या नळीतून जात होते. मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत क्रूर भाग हा वाटतो. एका बाजूचे दुखणे दुसऱ्या बाजूने वाटून घेतले की काही वेळाने दोन्ही बाजू सारख्याच आजारी दिसू लागतात, आणि मूळ दुखणे कुठले ते ओळखण्याची खूणच पुसली जाते. झडप बंद राहिली असती तर उजवी टाकी रिकामी होत गेली असती, डावी नेहमीच्या गतीने उतरली असती, आणि दोन आकड्यांतली वाढती तफावतच वैमानिकांना सांगत राहिली असती की गळती उजवीकडे आहे.

म्हणजे करायला काय हवे होते? ऐकायला सोपे, करायला फार जड असे काही. क्रॉसफीड बंद ठेवायचे. विमान एका अंगाला हलके होऊ द्यायचे. उजव्या पंखातले टनावारी इंधन डोळ्यांदेखत संपू द्यायचे आणि ते वाचवण्याचा मोह धरायचा नाही. गळती इंजिनाजवळची असावी अशी शंका असेल तर ते इंजिन, चांगले चालत असतानाही, आपल्या हाताने बंद करायचे. मध्यरात्री महासागरावर, दोनच इंजिने असलेल्या विमानात, चालते इंजिन बंद करायला हात उचलणे ही काय गोष्ट असेल याची कल्पना मी सांगलीत खुर्चीवर बसून करू शकत नाही. तपास अहवालाचा निष्कर्ष मात्र तसाच आहे: गळतीची कार्यपद्धती वेळेवर अवलंबली असती तर एका इंजिनावर लाजेस गाठण्याइतके इंधन उरले असते.

पुढचे बहुतेकांना माहीत असते, म्हणून थोडक्यात सांगतो. ६ वाजून १३ मिनिटांनी उजवे इंजिन बंद पडले, त्यानंतर तेरा मिनिटांनी डावे. तेव्हा विमान साडेचौतीस हजार फुटांवर होते आणि लाजेस सुमारे १२० किलोमीटर दूर, म्हणजे सांगलीहून साताऱ्याला जावे साधारण तेवढे अंतर. विमानाची एक लहानशी पवनचक्की बाहेर आली आणि वाऱ्यावर फिरून तिने नियंत्रणापुरती शक्ती पुरवली. केबिनमधले मुख्य दिवे गेले, हवेचा दाब कमी होऊ लागला, प्राणवायूचे मुखवटे खाली आले आणि कर्मचाऱ्यांनी प्रवाशांना जीवरक्षक जाकिटे घालायला लावली. समुद्रात उतरावे लागण्याची तयारी त्यांनी अंधारात, घाबरलेल्या शेकडो माणसांत केली, आणि वैमानिकांची नावे जितकी घेतली जातात तितकी त्यांची घेतली जात नाहीत. पिशे यांनी धावपट्टीजवळ एक पूर्ण घेर घेऊन जादा उंची घालवली आणि ६ वाजून ४५ मिनिटांनी ताशी पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास वेगाने विमान टेकवले. ते एकदा उसळले, पुन्हा टेकले. चाके जाम होऊन टायर फुटले, पण दहा हजार फुटांची धावपट्टी संपायच्या आत विमान थांबले. अठरा जण जखमी झाले, त्यांतले बहुतेक किरकोळ.

घरी परतल्यावर कॅनडात पिशे यांचे वीर म्हणून स्वागत झाले. पुढे वैमानिकांच्या संघटनेने दोघांचा गौरव केला, आणि तपास अहवालाने त्यांच्या चुकाही लिहिल्या. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाविषयी खऱ्या असू शकतात हे आपल्याकडे पचायला जड जाते. आपल्याला तो एक तर देव हवा असतो, नाही तर अपराधी. मला उलट असे वाटते की उतरतानाचे धैर्य आणि क्रॉसफीड उघडणारा हात यांमागे एकच स्वभाव आहे: हातातली परिस्थिती सावरून घेण्याचा. तो स्वभाव एकदा नडला आणि एकदा तारून गेला. त्यासाठी माणसाचे दोन तुकडे करायचे कारण नाही.

याच्या नेमके उलट वागलेले वैमानिकही मला माहीत आहेत. ४ नोव्हेंबर २०१० रोजी सिंगापूरहून निघालेल्या क्वांटासच्या एअरबस ए३८० विमानाचे एक इंजिन इंडोनेशियातील बाताम बेटावरून उडत असताना फुटले आणि त्याच्या तुकड्यांनी डाव्या पंखाला भोके पाडली. ४६९ माणसे आत होती. कॅप्टन रिचर्ड डी क्रेस्पिनी यांच्यासह कॉकपिटमध्ये योगायोगाने पाच वैमानिक होते. पडद्यावर एकामागून एक बिघाडांच्या सूचना येत राहिल्या आणि त्यांच्या कार्यपद्धती वाचून पार पाडायला पन्नास मिनिटांच्या आसपास लागली. त्यांत इंधन एका टाकीतून दुसऱ्या टाकीत हलवून असमतोल घालवा अशाही सूचना होत्या. पंखातून इंधन गळत असल्याचे इथे दिसत होते, इंधनाच्या वाटा किती शाबूत आहेत याची खात्री नव्हती, म्हणून त्यांनी आपसांत चर्चा करून ते इंधन हलवायचेच नाही असे ठरवले. यंत्र सांगत होते समतोल करा आणि पाच जाणती माणसे म्हणाली, विमान असेच एका अंगाला जड राहू दे. आण्णाने चावी खिशात ठेवली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जो हट्टीपणा होता तोच मला इथे दिसतो. सुखरूप उतरल्यावरही त्यांची सुटका झाली नाही. ब्रेक लालबुंद तापलेले, शेजारी गळणारे इंधन, आणि एक इंजिन काही केल्या बंद होईना, कारण त्याला आज्ञा पोहोचवणाऱ्या ताराच तुटल्या होत्या. घसरगुंड्या उघडून प्रवाशांना त्या इंधनात उतरवण्यापेक्षा आत बसवून ठेवणे कमी धोक्याचे, असे कर्मचाऱ्यांनी ठरवले. प्रवासी तासाभराने शिडीवरून उतरले आणि ते इंजिन अग्निशमन दलाने फवारे मारून बंद पाडेपर्यंत सुमारे तीन तास गेले.

लाजेसच्या विमानाची नळी मुळात का फुटली, हे पुतण्याने मला सगळ्यात शेवटी सांगितले, आणि तो बोलत असताना त्याचा आवाज मघापेक्षा हळू झाला होता, कारण तो त्याच्या धंद्यातला विषय होता. त्या उड्डाणाच्या काही दिवस आधी विमानाचे उजवे इंजिन बदलले होते. नवे इंजिन उसने आणलेले आणि जुन्या रचनेचे. त्यावर बसवायचा हायड्रॉलिक पंप, म्हणजे द्रवाच्या दाबावर विमानाचे भाग हलवणाऱ्या यंत्रणेचा पंप, मात्र सुधारित रचनेचा. पंप बसेना, इंधनाची नळी आड येऊ लागली. कामावरच्या प्रमुख तंत्रज्ञाला विसंगती दिसली होती. यासंबंधीची उत्पादकाची सूचना-पत्रिका त्याने संगणकावर उघडण्याचा प्रयत्न केला, पण नेटवर्कमधून ती उघडली नाही. मग फोनवर बोलणे झाले आणि काढलेल्या इंजिनावरची इंधनाची नळी आणून बसवली गेली. तिच्याबरोबर हायड्रॉलिकची नळीही बदलणे आवश्यक होते. ती तशीच राहिली. दोन नळ्या एकमेकींना चिकटत होत्या, म्हणून त्या थोड्या ताणून, मध्ये फट ठेवून आवळल्या गेल्या. पुढे हायड्रॉलिकच्या नळीत दाब भरला तेव्हा ती आपल्या मूळ जागी सरकली, फट नाहीशी झाली आणि उड्डाणागणिक घासून घासून इंधनाची नळी चिरली. कॅनडाच्या सरकारने कंपनीला अडीच लाख डॉलर दंड केला.

"त्यानं विचारलं होतं, काका," पुतण्या म्हणाला. "दिसलं होतं त्याला. पत्रिका उघडली नाही, विमान सोडायची वेळ आली होती, आणि दोन नळ्यांत बोटभर फट दिसत होती."

मी त्याला विचारले, तुझ्यावर अशी वेळ आली तर? तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला की हल्ली त्यांच्याकडे इंजिन बदलले की काढलेल्या आणि बसवलेल्या प्रत्येक भागाचा क्रमांक समोरासमोर लिहून दुसऱ्या माणसाने ताडून पाहायचा असतो, आणि क्रमांक जुळला नाही तर भाग कितीही नीट बसत असला तरी विमान जमिनीवरच ठेवायचे. "नीट बसत नसलेल्याची भीती नसते हो," तो म्हणाला. "ते आम्ही काढूनच टाकतो. थोडं ताणल्यावर जे बसतं ना, त्याच्यावर सही करताना मी कागद पुन्हा वाचतो."

त्या रात्री त्याची गाडी होती. त्याला मिरज जंक्शनवर सोडून मी परत आलो, तोवर अकरा वाजून गेले होते.